मुंबईत ऐसपैस बसून उत्तम जेवण: तुमचे अनुभव सांगा

मुंबईत चांगलं खायला मिळतं यावर वाद नाही. पण चवीसाठी नावाजलेल्या बऱ्याच जागी आपल्या खुर्चीमागे कुणीतरी ताटकळत उभं असतं. आणि जिथे तसं कुणी उभं नसतं, तिथलं वातावरणच असं की आवाज खाली घेऊन, कपडे सावरून बसावं लागतं. मला या दोन्हींच्या मधल्या जागा हव्या आहेत. पानात पडेल ते मनापासून केलेलं असावं आणि ते चपला घालून, मोठ्याने हसत, परत एकदा आमटी मागत खाता यावं. स्वस्त असायलाच हवं असं नाही. महाग असेल तर कशासाठी महाग आहे ते मात्र ताटात दिसलं पाहिजे.

स्वतः जाऊन आलेल्या जागांबद्दलच लिहा. काय मागवलंत, कोणत्या वेळी गेलात, आणि मुख्य म्हणजे बसू दिलं का, हे सांगा. ज्येष्ठ मंडळींना जिना चढावा लागतो का तेही लिहिलंत तर फार बरं होईल. माझ्या घरी दोन दुखरे गुडघे आहेत.

सुरुवात मी करते. ताडदेवला भाटिया हॉस्पिटलसमोर स्वाती स्नॅक्स आहे, १९६३ पासून. टेबल आधी राखून ठेवता येत नाही, दारात नाव लिहून थांबायचं. रविवारी संध्याकाळी ही वाट लांबते. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला गेलात तर हेच हॉटेल निराळं वाटतं. शेजारच्या टेबलावर दोन आज्या उसाचा रस घेऊन गप्पा मारत असतात आणि त्यांना कुणी बिल आणून देत नाही. मी पानकी मागवतेच. तांदळाचं पातळ पीठ केळीच्या दोन पानांमध्ये पसरून भाजलेलं असतं. गरम असतानाच वरचं पान सोलायचं, की पातळ, जवळजवळ पारदर्शक पापुद्रा हातात येतो. आपल्या कोकणातल्या पानगीशी नातं सांगणारा हा पदार्थ, पण इतकी पातळ पानगी माझ्या माहेरीही कधी झाली नाही. त्यावर हिरवी चटणी. मग डाळढोकळी. तेल बेताचं, मसाला बेताचा, आणि तरीही चव पूर्ण. स्वयंपाकघराला स्वतःबद्दल खात्री असली की अन्न आरडाओरडा करत नाही, हे मला तिथे पहिल्यांदा नीट कळलं.

आता तुम्ही लिहा.

फोर्टचा चाकरमानी

नोकरीची सगळी वर्षं बॅलार्ड इस्टेटमध्ये गेली, त्यामुळे मी ब्रिटानियाबद्दलच लिहिणार. ब्रिटानिया अँड कंपनी, १९२३ साली सुरू झालेलं इराणी हॉटेल. उंच छत, जुने पंखे, रंगाचे पोपडे निघालेल्या भिंती, लाकडी खुर्च्या. कुणीतरी सजावटकार आणून हे सगळं चकचकीत करता आलं असतं. केलं नाही, हे त्यांचे उपकार.

बेरी पुलाव मागवा. यातली बेरी म्हणजे झरेश्क, इराणमधून येणारी लाल, आंबट, मनुकेपेक्षा लहान. मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नीने ही पाककृती इराणहून आणली. तांदूळ मोकळा, मटण मऊ, वर तळलेला कांदा आणि काजू, आणि मध्येच दाताखाली ती बेरी आली की पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. एक प्लेट दोघांना पुरते. शेवटी कॅरॅमल कस्टर्ड.

बोमन कोहिनूर नव्वदी ओलांडल्यावरही टेबलापाशी येऊन ऑर्डर घेत. ब्रिटनच्या राणीचं पत्र दाखवत, २०१६ मध्ये राजपुत्र विल्यम आणि केट मुंबईत आले तेव्हा त्यांना भेटले ती गोष्ट सांगत. घाई असलेल्या गिऱ्हाइकालाही ते थांबायला लावत आणि गिऱ्हाईक थांबत असे. २०१९ मध्ये ते गेले, सत्त्याण्णव वर्षांचे होते. आता ती गप्पांची मेजवानी नाही, पुलाव तसाच आहे.

जिना नाही. फक्त दुपारचं जेवण मिळतं. एक वाजता आसपासच्या सगळ्या कचेऱ्या तिथे लोटतात, तेव्हा बाराला जाऊन बसा.

माटुंगा पूर्व

आमच्या भागाचं नाव अजून कसं आलं नाही! आधी थोडी पार्श्वभूमी देतो, कारण तिच्याशिवाय माटुंग्याचं जेवण कळत नाही. १८९६ च्या प्लेगनंतर शहर पसरवायचं ठरलं, दादर-माटुंग्याची आखणी झाली, आणि पुढे कारकून, टंकलेखक म्हणून आलेली दक्षिणेकडची माणसं इथे स्थिरावली. त्यातले कित्येक एकटे. त्यांना रोज दोन वेळ घरच्यासारखं, पोटाला न बाधणारं जेवण हवं होतं. ते पुरवायला जी बोर्डिंगं निघाली त्यांच्यापैकी ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ चं, स्टेशनबाहेर पहिल्या मजल्यावर अजून चालू आहे.

रोज जेवणाऱ्यासाठी रांधलेलं अन्न आणि सणासुदीला एकदा येणाऱ्यासाठी रांधलेलं अन्न यांत फरक असतो. इथलं पहिल्या प्रकारचं आहे. केळीचं पान मांडतात, भाज्या, सांबार, रसम, भात, पापड, ताक येतं. रसम पिऊन बघा, मिऱ्याचा झटका घशाशी येतो आणि लगेच ओसरतो. वाढपी न विचारता वाढतात, नको असेल तर पानावर हात आडवा धरायचा. स्वयंपाकघर बघायचं असेल तर खुशाल आत जा म्हणतात. आपलं स्वयंपाकघर असं उघडं ठेवणारी किती हॉटेलं आहेत ते आठवून बघा.

जिना आहे. धागाकर्तीच्या घरच्या गुडघ्यांसाठी म्हणून कॅफे मद्रास, किंग्ज सर्कलजवळ, १९४० पासून, तळमजल्यावर. रसमवडा, नाचणीचा डोसा, आणि लोणी व पोडी (डाळींची तिखट पूड) लावलेली इडली. वर फिल्टर कॉफी.

अंधेरीचा

माटुंगाकर, चवीबद्दल शंभर टक्के अनुमोदन. पण कॅफे मद्रासला निवांत म्हणणं मला पटत नाही. रविवारी सकाळी रस्त्यावर घोळका असतो, आत गेल्यावर अनोळखी माणसांबरोबर टेबल वाटून घ्यावं लागतं आणि कॉफी संपायच्या आत पुढची माणसं डोळ्यांसमोर येतात. इडली अप्रतिम, पण या धाग्याची पहिली अटच बसण्याची आहे.

माटुंगा पूर्व

रविवारी नका येऊ, एवढंच सांगेन. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी सातला दार उघडतं तेव्हा या. वर्तमानपत्र घेऊन आलेली चार-सहा नेहमीची माणसं असतात, वेटर त्यांना काय हवं ते विचारतही नाही. त्याहून लवकर उठत असाल तर राम आश्रय, भांडारकर रोड, १९३९ चं, पहाटे पाचलाच सुरू होतं. अननसाचा शिरा आणि उपमा. पहाटे टेबल पूर्ण तुमचं.

टेबल वाटून घेण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. समोर अनोळखी माणूस बसला म्हणून माझा निवांतपणा जात नाही. कोणत्या पदार्थाबरोबर काय मागवायचं हे मी अशाच समोरच्या माणसांकडून शिकलो.

एकटीच

बाईमाणसाने एकटीने हॉटेलात बसून जेवणं हा वेगळाच विषय आहे, म्हणून लिहिते. "आणखी कुणी येणार आहे का?" हा प्रश्न मी सगळीकडे ऐकते. मग कोपऱ्यातलं, मुतारीच्या दाराजवळचं टेबल मिळतं. एका नव्या, चकचकीत ठिकाणी तर दीड तासानंतर टेबल सोडावं लागेल असं आत शिरतानाच सांगितलं. तिथलं अन्न चांगलं होतं, मी परत गेले नाही.

पूर्वी जहांगीर कलादालनात समोवार होतं. १९६४ पासून २०१५ पर्यंत. लांबट, अरुंद जागा, बाहेर झाडं, एक पराठा आणि एक चहा यांवर पुस्तक संपेपर्यंत बसा. कॉलेजातली मी तिथेच एकटीने बसायला शिकले. ते बंद झाल्यावर काळा घोडा परिसरात माझी जागा म्हणजे रोपवॉक लेनमधलं काळा घोडा कॅफे, २००९ चं. कॉफी नीट केलेली असते, अंडी नीट केलेली असतात, आणि वही काढून लिहीत बसलं तर कुणी बघत नाही.

खास दिवस असेल तर कुलाब्यात द टेबल. २०११ मध्ये सुरू झालं. मधोमध एक उंच, लांबलचक सामायिक टेबल आहे. मला तेच आवडतं, कारण तिथे बसलेली एकटी बाई एकटी दिसत नाही. भाज्यांचा बराच भाग त्यांच्या स्वतःच्या अलिबागजवळच्या शेतातून येतो, आणि तो फरक पानांच्या सॅलडमध्ये पहिल्या घासाला कळतो. खिशाला जड आहे, हे स्पष्ट सांगते. पण तिथल्या वेटरने मला एकदा सांगितलं होतं, "तुम्ही एकट्या आहात, दोन पदार्थ जास्त होतील, आधी एकच घ्या." विक्री कमी करून घेणारा असा सल्ला मिळाला की ती जागा मी सोडत नाही.

मत्स्यप्रेमी

वरच्या शेवटच्या वाक्याला +१. माशाच्या हॉटेलची माझी परीक्षाही हीच. "आज ताजं काय?" असं विचारायचं. "सगळंच ताजं" असं उत्तर आलं तर भातावर आमटी घेऊन उठायचं. "पापलेट आज नको, बांगडा घ्या" असं सांगितलं तर पाय पसरून बसायचं.

१ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांची वीण व्हावी म्हणून. त्या दोन महिन्यांत समोर येणारं मोठं पापलेट किंवा सुरमई बहुतेक करून बर्फातली असते. कुणी ते मोकळेपणाने सांगत असेल तर त्या स्वयंपाकघरावर विश्वास ठेवा आणि तेव्हा सुकट, जवळा, खाडीचे मासे किंवा सरळ वालाचं बिरडं खा. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा जा.

वांद्रे पूर्वेला गांधीनगरात, द्रुतगती मार्गाच्या कडेला हायवे गोमंतक आहे. साधी टेबलं, घरगुती कारभार. तिसऱ्या (शिंपले), बोंबील, आणि ज्या दिवशी जो असेल त्या माशाची कढी. जेवताना मोठ्याने बोलावं, हाताने जेवावं, काटे ताटाच्या कडेला रचावेत अशी ती जागा आहे. दीड वाजता जाऊ नका, रांग असते. साडेबाराच्या आधी किंवा संध्याकाळी लवकर.

पार्ल्याला हनुमान रोडवरचं गजाली थोडं अधिक थाटाचं, पण दडपण येत नाही. तिथला तळलेला बोंबील. ओल्या बोंबलात पाणी खूप असतं, म्हणून तो चिरून, मधला काटा काढून, वजनाखाली दाबून ठेवावा लागतो. हे काम घाईत होत नाही. ज्यांनी पाणी पुरतं काढलेलं नसतं त्यांचा बोंबील टेबलावर येईपर्यंत मऊ पडतो, रवा सुटतो. गजालीचा शेवटच्या तुकड्यापर्यंत कुरकुरीत राहतो आणि आत मात्र लोण्यासारखा. आमच्या घरी तीन पिढ्या बोंबील तळतायत आणि तरी मी हे लिहितोय.

बांगड्याच्या तिखल्यासाठी दादरला चैतन्य. त्रिफळं टाकलेली असतात, ती चावायची नाहीत, बाजूला काढायची. सोलकढी दोनदा मागा.

गिरगावकरीण

मला एक गोष्ट सलते. वर बघा, गुजराती झालं, पारशी झालं, उडुपी झालं, मालवणीही झालं. आपलं शाकाहारी मराठी जेवण ऐसपैस बसून कुठे जेवायचं? पणशीकरांकडचं पियूष, ठाकूरद्वारजवळच्या विनयची मिसळ, शिवाजी पार्कच्या प्रकाशमधला साबुदाणावडा आणि डाळिंबी उसळ, आस्वादची थालीपिठं, दादरच्या मामा काणे यांच्याकडचा बटाटावडा. एकेक पदार्थ असा की त्याच्यापुढे मोठमोठ्या हॉटेलांनी शिकावं. आस्वादच्या मिसळीला तर २०१५ मध्ये लंडनमध्ये जगातल्या सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला. पण ही सगळी उपाहारगृहं. खा, पाणी प्या, उठा. जागा तेवढीच आणि दारात माणसं.

याचं कारण आपल्या इतिहासात आहे असं मला वाटतं. या शहरात मराठी जेवण विकायला आलं ते खानावळीतून. गिरणगावात बायका घरातच गिरणीकामगारांचे डबे आणि पानं वाढायच्या. या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पाळी बदलायच्या आत जेवून उठायचं, ही त्या जेवणाची लय. आमच्या खोताच्या वाडीतलं अनंताश्रमही तसंच होतं. मासे असे की लांबून माणसं यायची, आणि पुढचं पान मांडायची वेळ झाली की उठायला सांगायचे. ते बंद होऊन बरीच वर्षं झाली. म्हणजे चव होती, शिस्त होती, स्वच्छता होती, पण रेंगाळण्याची सोय कधी नव्हती.

म्हणून माहीमचं दिवा महाराष्ट्राचा मला महत्त्वाचं वाटतं. कौटुंबिक जेवणं आम्ही तिथे करतो. भरली वांगी, पिठलं, भाकरी, आणि सामिष खाणाऱ्यांसाठी कोल्हापुरी-मालवणी. भाकरी एकेक करून गरम येते, आधी करून झाकून ठेवलेली नसते. माझ्या सासूबाई तिथे आरामात दोन तास बसतात. अशा आणखी दहा जागा या शहरात हव्यात.

लेकुरवाळी

गिरगावकरीण ताई, अगदी मनातलं लिहिलंत.

लहान मूल घेऊन जाणाऱ्यांसाठी काळबादेवीचं श्री ठाकर भोजनालय सुचवते, १९४५ चं. अरुंद गल्ली, वर जिना (गुडघेवाल्यांनी नोंद घ्यावी), पण आत शिरलं की थंड आणि शांत. गुजराती थाळी. मेन्यूकार्डच नाही, त्यामुळे मुलाला सांभाळत काही ठरवत बसावं लागत नाही. फुलके तव्यावरून थेट पानात. आमच्या मुलाने पहिली कढी तिथे प्यायली आणि वाढणाऱ्या काकांनी त्याच्यासाठी बिनतिखटाची डाळ आतून आणून दिली, आम्ही मागितली नव्हती. शनिवार-रविवारी गर्दी असते, मधल्या वारी दुपारी जा.

शेगडी

मी बरीच वर्षं हॉटेलांच्या स्वयंपाकघरात काम केलं आहे, म्हणून आतल्या बाजूने लिहितो. निवांत जेवण द्यायचं असेल तर आत सगळं काटेकोर असावं लागतं. दोनशे पदार्थांचा मेन्यू म्हणजे चार ग्रेव्ह्या आणि गोठवणीचा मोठा पेटारा. तीस पदार्थांचा मेन्यू म्हणजे सकाळी आणलेला माल रात्रीपर्यंत संपतो. मेन्यू जितका आखूड तितका मी खुर्चीत आरामात टेकतो.

लोअर परळच्या कमला मिलमध्ये २०१५ साली द बॉम्बे कँटीन सुरू झालं. त्यामागचे शेफ फ्लॉइड कार्डोझ मूळचे मुंबईचे, न्यूयॉर्कमध्ये तबला नावाचं रेस्टॉरंट त्यांनी गाजवलं होतं. २०२० च्या मार्चमध्ये कोविडने ते गेले. त्यांनी इथे जे केलं त्याचं मोल आमच्या धंद्यातल्या माणसांना नीट कळतं. ज्या भाज्यांना हॉटेलवाले हात लावत नव्हते त्या त्यांनी मेन्यूच्या मध्यभागी आणल्या, आणि मेन्यू ऋतूप्रमाणे बदलायची सवय लावली. अळकुड्यांचे टुक (चेपून कुरकुरीत तळलेले तुकडे) खा. एग्ज केजरीवाल खा: टोस्ट, चीज, हिरवी मिरची, वर अंडं. हा पदार्थ विलिंग्डन क्लबातला, तिथल्या एका सभासदाच्या नावाचा. तो क्लबाच्या दाराबाहेर आणून कुणालाही मिळेल असा केला हे मला आवडतं. संध्याकाळी संगीत मोठं असतं, बोलायचं असेल तर दुपारी जा.

बॉम्बे कँटीनवाल्यांचंच वांद्रे-कुर्ला संकुलातलं (बीकेसी) ओ पेद्रो, २०१७ चं, गोव्याच्या जेवणाचं. पोई, म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव, गरम येते, ती लोण्याबरोबर नुसतीच खावी. शेवटी सेरादुरा, बिस्किटांचा चुरा आणि क्रीमचं गोड. गोव्याला आजोळ असलेल्या माझ्या बायकोने पोईला मान डोलावली, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र माझ्याकडे नाही.

लंडनहून

इथे डिशूम नावाची रेस्टॉरंट्स आहेत, २०१० पासून. मुंबईच्या इराणी हॉटेलांवरून घडवलेली. जुने फोटो, आरसे, लाकूड, सगळं जुळवून आणलंय, काळी डाळ खरोखर छान. पण सुट्टीत मुंबईला आलो की धोबीतलावला कयानीमध्ये जातो. १९०४ चं. बनमस्का, अकुरी (पारशी पद्धतीची अंड्याची भुर्जी), मावा केक. तिथे ते जुनेपण कुणी जुळवलेलं नाही. टेबलावर सकाळपासून तीच माणसं बसलेली असतात आणि त्यांच्यापुढे फक्त चहाचा रिकामा कप असतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. अंधेरीकर आणि माटुंगाकर, तुम्हा दोघांचंही पटलं, म्हणून कॅफे मद्रास यादीत ठेवते आहे, वेळेसकट. गिरगावकरीण, तुमच्या प्रश्नाला धरून कुणाला आणखी मराठी जागा ठाऊक असतील तर जरूर लिहा, विशेषतः वऱ्हाडी आणि खानदेशी. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी मिळेल अशी बसायची जागा मी शोधतेच आहे.

जाणाऱ्यांसाठी: रामा नायक आणि कॅफे मद्रास सोमवारी बंद, हायवे गोमंतक गुरुवारी बंद, ब्रिटानिया फक्त दुपारी. जिना रामा नायक आणि ठाकरला. ठाणे, डोंबिवली, वसईकडचं अजून कुणीच लिहिलेलं नाही, त्या बाजूच्या मंडळींची वाट बघते आहे.